काजूच्या हंगामात गोबरगॅसची टाकी आंबट होतेय का, आधीच ओळखा

गोव्यातल्या सत्तरी, डिचोलीत मार्च ते मे काजूच्या बोंडूंचा चोथा मुबलक असतो. तो टाकीत फार गेला की आम्ल करणारे जंतू झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे मागे पडतात आणि शेगडीची ज्योत उडू लागते. नुसता पीएच (आंबटपणाचा आकडा, कमी म्हणजे जास्त आंबट) बघत बसू नका, तो घसरेपर्यंत उशीर झालेला असतो.

निकासाची रबडी (टाकीतून बाहेर पडणारे पातळ शेण) थोडी वाहू द्या, मग नमुना घ्या आणि लगेच तपासा. फडक्यातून गाळलेली 20 मिली रबडी ढवळत 0.1 नॉर्मल (तीव्रतेचे माप) सल्फ्युरिक आम्ल सोडा. पीएच 5.0 पर्यंत किती मिली लागले (अ), तिथून 4.4 पर्यंत आणखी किती (ब), लिहा. फेस वर येतो, म्हणून थेंबथेंबच.

रबडीतले आम्ल आणि ते झेलण्याची तिची ताकद यांचे प्रमाण काढायला (ब × 1.66 − 0.15) × 500 ला अ × 250 ने भागा. अ 16, ब 1.3 असेल तर उत्तर 0.25, म्हणजे ठीक. 0.4 ओलांडले की चोथा बंद, शेणही निम्मे. एका आकड्यापेक्षा चढ जास्त बोलतो, तेव्हा दर आठवड्याला ठरल्या वारी मोजा.

पीएच मीटर आधी 4 आणि 7 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही.