दुसरी एअर रायफल घेताय? पहिलीनं रडवलं असेल तर या चुका टाळा

"पहिली बाद निघाली, आता कुठली घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातनं चार-पाच जण तरी विचारतात. कुणी बेळगावच्या उद्यमबागेतला कामावरचा असतो, कुणी खानापूरकडचा, मागच्या महिन्यात तर निपाणीहून एकजण रायफल कव्हरमध्ये घालून थेट घरीच आला. मी सगळ्यांना आधी एकच विचारतो, पहिलीनं मारलेला टार्गेटचा कागद आहे का? बहुतेकांकडं नसतो. म्हणजे रायफल बाद आहे हे ठरवलंय कशावरनं तर डबा पडला नाही, फुगा फुटला नाही यावरनं, आणि आता दुसरी घेणार तीही तशीच, अंदाजानं. पैसे परत तेवढेच जाणार आणि त्रासही परत तोच होणार म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतोय.

माझीच गोष्ट सांगतो. पहिली घेतली ती ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून लोड करायची स्प्रिंगची. दुकानदारानं सांगितलं सेकंदाला हजार फूट स्पीड आहे, मी खूष. घरामागच्या परड्यात दहा मीटर मोजून कागद लावला, पाच मारल्या, त्या पाच गोळ्या मावायला हाताचा तळवा कमी पडेल असा पसारा. स्कोप, म्हणजे वरची नेमाची दुर्बीण, फिरवला, दुसऱ्या दिवशी परत वेगळीकडंच. वर्षभर नुसता स्कोपचा स्क्रू फिरवत बसलो होतो. शेवटी कोल्हापूरकडचे एक काका, नेमबाजीच्या रेंजवर पोरांना शिकवायचे, ते लग्नाला आले होते आमच्याकडं, त्यांना दाखवली. त्यांनी रायफल हातातपण घेतली नाही. म्हणाले, "बंदूक ठेव बाजूला, आधी छर्‍यांची डबी दाखव बघू."

डबी नव्हतीच, प्लॅस्टिकच्या पिशवीतले सुटे छर्रे होते. काकांनी त्यातले दहा उचलून खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदावर उभे केले. पेलेटला, म्हणजे छर्‍याला, मागं पातळ घेर असतो बघा, घागऱ्यासारखा, हवेच्या दाबानं तो फुगून नळीला चिकटतो आणि आतल्या खाचा धरतो. माझ्या दहातल्या चारांचा घेर चेपलेला, एकाला तर शिशाचा बारीक पापुद्रा लोंबत होता. असला छर्रा सरळ जाणार कसा? दोष निम्मा तिथंच होता आणि मी वर्षभर स्कोपला दोष देत बसलो.

तर पहिली चूक ही. रायफल बदलायच्या आधी पेलेट बदला. डबीतले घ्या, दोन-तीन वेगवेगळ्या जातीचे, एक चपट्या तोंडाचं आणि एक गोल तोंडाचं तरी असू दे, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचं. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकाच कंपनीच्या दोन रायफलींनासुद्धा वेगवेगळे पेलेट मानवतात. बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, ४.५ मिमी असला तरी चांगल्या डब्यांवर ४.५०, ४.५१, ४.५२ असे आकडे असतात, ते पेलेटच्या डोक्याचं माप. मी टर्निंगच्या कामात आहे, एका शतांश मिलिमीटरनं बेअरिंग बसतं किंवा बसत नाही हे रोज बघतो, तरी इथं हे डोक्यात आलं नव्हतं. पेलेट बदललं की लगेच निकाल काढू नका, पहिल्या दहा-पंधरा गोळ्या सोडून द्या, मग पाच-पाचचे तीन कागद मारा आणि त्यावर तारीख नि पेलेटचं नाव घाला.

दुसरं म्हणजे स्क्रू. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन सुटला की बंदूक आधी मागं आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढं, असा दुहेरी हिसका बसतो. त्यानं दस्त्याचे स्क्रू सैल होतात, स्कोपचे माउंट, म्हणजे त्याला धरणारे क्लॅम्प, हळूहळू सरकतात. काडतुसाच्या बंदुकीसाठी केलेला स्कोप या उलट्या हिसक्याला टिकत नाही, आतली काच हलते आणि बाहेरनं कळत नाही. शिवाय तसले स्कोप बहुतेक शंभर यार्डाला सेट केलेले असतात, दहा मीटरवर डोकं जरा हललं की नेम हलल्यासारखा दिसतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे स्कोप काढून ठेवा आणि ओपन साइटवर, म्हणजे नळीवरच्या साध्या माशीवर, पाच मारा. गोळ्या जवळ आल्या तर दोष स्कोपचा किंवा माउंटचा. कागदावर दोन वेगळे घोळके दिसत असतील तर हमखास काहीतरी हलतंय, आणि एकाच दिशेनं सरकत जात असतील तर माउंट सरकतंय.

तेलाचं तर काय सांगू. आमच्याकडं कुठलीही गोष्ट करकरली की तेल घालायचं, मशीनचं नाही मिळालं तर खोबरेल. हवेच्या भोकातनं असलं तेल आत गेलं की दाबाच्या उष्णतेनं ते पेटतं, फाट करून आवाज येतो, धूर निघतो, वास येतो आणि पोरांना वाटतं पॉवर वाढली. तेव्हा पिस्टनचा वायसर जळत असतो आणि प्रत्येक गोळीचा वेग वेगळा पडतो. आत घालायचंच तर सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब, तोही कंपनीच्या कागदात सांगितला असेल तरच. बाहेरच्या लोखंडाला, बिजागरीला काय ते साधं तेल लावा. आणि छर्रा न घालता ट्रिगर ओढू नका. पिस्टनला पुढं हवेची गादी मिळत नाही, तो सरळ लोखंडावर आपटतो. दुकानात चार जण चार वेळा रिकामी मारून बघतात, ते बघवत नाही.

हवा गळते का ते बघायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी नळी जिथं मोडते त्या सांध्यावर ठेवा आणि पेलेट घालून, सुरक्षित दिशेला, मारा. पट्टी उडाली तर सांध्यातनं हवा जातेय. बऱ्याच रायफलींत तिथं साधी रबराची ओ-रिंग असते, मापाची बघून घेतली की काम होतं, उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या दुकानात असल्या रिंगा ढिगानं मिळतात. वेगातला फरक दहा मीटरवर फारसा कळणार नाही, पण पंचवीस मीटरवर २५० ऐवजी २२० मीटर प्रति सेकंदानं गेलेली गोळी दीडेक सेंटिमीटर तरी खाली बसते. दहावर ठीक आणि पंचवीसवर वर-खाली पसारा असेल तर सील (हवा अडवणाऱ्या रिंगा) आणि पेलेट बघा.

आता धरण्याची चूक. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडला. हिसका बसतो म्हणून आपण बंदूक आवळून धरतो, नाहीतर कट्ट्यावर, कडक वाळूच्या पोत्यावर टेकवतो. स्प्रिंगची रायफल गोळी नळीतनं बाहेर पडायच्या आधीच हलायला लागलेली असते, ती दर वेळी सारखीच हलली पाहिजे, आवळलं की दर वेळी वेगळी हलते. काकांनी डावा पंजा उघडा ठेवायला लावला, त्यावर दस्ता नुसता टेकवायचा, बोटं वर घ्यायची नाहीत, खांद्यालाही जेमतेम लावायचा. "तिला उडी मारू दे की, तू कशाला अडवूलालास?" असं म्हणाले. दस्त्याला जिथं पंजा लागतो तिथं मी चिकटपट्टी लावली, दर वेळी तिथंच. त्याच दिवशी, त्याच रायफलीवर, नवीन पेलेटनं पसारा आठ सेंटिमीटरवरनं तीनवर आला.

तीनच्या खाली मात्र काही केल्या येईना. नळी मोडून बाजूला हलवून बघितली तर बिजागरीत खुळखुळ होती, अंगठ्याला जाणवेल एवढी. बंद केल्यावर नळी दर वेळी त्याच जागी बसत नव्हती. आता हा खरा रायफलचा दोष, आणि हा दुकानातच, घ्यायच्या आधी, अर्ध्या मिनिटात कळला असता. दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला सगळ्या अशाच असतात. तसं नसतं.

दुसरी घेताना लोक परत स्पीड विचारतात, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडं आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणं .१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद, एवढ्यालाच लायसन्स लागत नाही. दोन्हीपैकी एकजरी ओलांडलं की लागतं, .२२ ची एअर रायफल त्यामुळंच लायसन्सवाली. हा कायदा केंद्राचा आहे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडं आणि पलीकडं एकच, चंदगडच्या बाजूला घेतली म्हणून सूट नाही. आता हिशेब करा. अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला हजार फुटानं, म्हणजे ३०५ मीटरनं गेलं तर ताकद होते २३ ज्यूल. म्हणजे एकतर ती रायफल कायद्याबाहेर आहे, नाहीतर तो आकडा पाऊण वजनाचं हलकं, मिश्रधातूचं पेलेट घालून काढलाय, जे कागदावर कुठंही जातं. अर्ध्या ग्रॅमला २४०-२५० मीटर प्रति सेकंद म्हणजे १५ ज्यूलच्या आसपास, कागदावर मारायला हे भरपूर झालं. जास्त पॉवर म्हणजे कडक स्प्रिंग, जास्त हिसका, ओढायला जड, आणि नेम धरायला अवघड. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, पण इथं उलटंच दिसतं, पहिलीनं नेम दिला नाही म्हणून दुसरी त्याहून जास्त पॉवरची घेतात.

दुकानात गेलात तर नळी मोडून बाजूला हलवून बघा, दहा वेळा उघडझाप करा आणि बंद होतानाचा आवाज दर वेळी सारखा येतो का ऐका. ट्रिगर कुठं अडतो आणि कुठं सुटतो ते कळलं पाहिजे. नळीच्या तोंडाची कड उजेडात फिरवून बघा, खरचटलेली, चेपलेली नको. वजन उचलून धरा, साडेतीन किलो दुकानात हलकी वाटते आणि विसाव्या गोळीला हात थरथरतो. सुटे पार्ट, सील, स्प्रिंग मिळतात का हे विचारा आणि कोण बसवून देणार तेही. परड्यात कागदावर मारणाऱ्याला माझं मत विचाराल तर मध्यम ताकदीची, नळी फिक्स असलेली, खालच्या लिव्हरनं ओढायची रायफल बघा. नळी मोडतच नाही तर बिजागरीचा प्रश्न येत नाही. थोडी जड असते, महागही पडते.

पोराला स्पर्धेत उतरवायचं असेल तर मात्र यातलं काहीच घेऊ नका, आधी क्लबमध्ये घाला. २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं तेव्हापासनं आमच्या भागात चौकशी फार वाढली, चांगली गोष्ट आहे, पण त्याचा प्रकार ५० मीटरचा, ती काडतुसाची रायफल. एअर रायफलचा प्रकार दहा मीटरचा, २००८ ला बीजिंगला अभिनव बिंद्रानं सोनं घेतलं तो. तिथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन्सिलचं टोक टेकवल्यासारखा. त्याला भरलेल्या हवेच्या सिलिंडरची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, लागते, साधारण २०० बार दाबाची, हिसका जवळजवळ नसतोच. सेकंडहँड घेणार असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा, बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, रायफल स्वस्तात मिळाली आणि सिलिंडर बाद निघाला असं नको व्हायला.

खानापूरकडनं माकडं नि रानडुकरांसाठी कुठली घेऊ असं विचारणारेही येतात. त्यांना मी नाही सांगतो. शेतीचं नुकसान किती होतं हे मला माहीत आहे, माझी सासुरवाडी तिकडचीच, पण छर्‍यानं जनावर मरत नाही, जखम घेऊन हाल होऊन फिरतं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. पक्ष्यांवरही मारू नका.

मारताना मागं भिंत नुसती ठेवू नका, चिऱ्याच्या कडक दगडावरनं छर्रा उलटा येतो. वाळूनं भरलेली लाकडी पेटी करा, डोळ्याला चष्मा लावा, झालं की हात साबणानं धुवा, शिसं आहे ते. आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर रायफल कव्हरमध्ये कोंडून ठेवली की आतल्या दमटपणानं नळीवर तांबूस ठिपके येतात, मी कव्हर काढून कपाटात उभी ठेवतो आणि आठवड्याला तेलाचं फडकं फिरवतो.

दुसरी घेऊन आता चार वर्षं झाली, खालच्या लिव्हरचीच आहे. स्पीड विचारलाच नाही, आधी दुकानदाराकडनं दोन डब्या पेलेट घेतले. दहा मीटरवर माझे पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. गेल्या रविवारी भाचीनं मारल्या, चार एकमेकीला लागून आणि पाचवी बोटभर बाहेर. मी रायफलकडं बघायच्या आधीच ती म्हणाली, "मामा, ती माझीच चुकली, श्वास सोडला मी." कागदावर तारीख घालून तो फाइलीत लावलाय.