ईमॅक्सची पॅकेजेस आणि कॉन्फिग: या चुका टाळा

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची पॅकेजेस म्हणजे त्याला जोडायच्या जादा सोयी, आणि कॉन्फिग म्हणजे आपल्या सेटिंग्जची फाइल. ईमॅक्स सुरू होताना एरर आली की बहुतेकांचा हात थेट उतरवलेली पॅकेजेस ठेवणाऱ्या एल्पा फोल्डरवर जातो. तो उडवायचा, ईमॅक्स बंद करून चालू करायचा, सगळी पॅकेजेस पुन्हा उतरवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. कधीकधी जमून जातं, म्हणूनच ही खोड सुटत नाही. पण बिघडलं कशाने ते कळलेलं नसतं, त्यामुळे महिन्याभरात तीच मंडळी तीच एरर घेऊन पुन्हा हजर. पॅकेजेस आणि फायलींची जवळजवळ सगळी दुखणी एकाच प्रश्नापाशी येतात: कुठली फाइल, कुठून, कोणाच्या आधी लोड झाली? हे ईमॅक्स स्वतः सांगतो. विचारायची तसदी कोणी घेत नाही.

कॉन्फिग ऑर्गच्या फाइलमध्ये, आणि त्याच कॉन्फिगमधून नवं ऑर्ग

हा माझा खास नावडता घोळ आहे. ऑर्ग म्हणजे ईमॅक्समधली मथळे आणि टिपा लिहायची सोय. व्हिडिओ बघून ईमॅक्स शिकलेल्यांपैकी निम्म्यांची कॉन्फिग ऑर्ग फाइलमध्ये असते. दिसायला छान: मथळे, मधे टिपा, खाली कोड. इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती) फक्त एक ओळ, की ती ऑर्ग फाइल उघड आणि त्यातला कोड चालव. आता ऑर्ग हे ईमॅक्ससोबतच येतं: ईमॅक्स २७.१ सोबत ९.३, २८ सोबत ९.५, २९ सोबत ९.६, ३० सोबत ९.७. शिवाय तेच ऑर्ग जीएनयू एल्पा या पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारावर वेगळं पॅकेज म्हणूनही मिळतं, आणि तिथलं बहुधा जास्त नवं असतं. म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑर्ग सुखाने नांदू शकतात. भांडण लागतं ते दोन्ही एकाच सेशनमध्ये लोड झाली की.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने नव्या लॅपटॉपवर डेबियन १२ टाकलं. त्यात ईमॅक्स २८.२, पोटात ऑर्ग ९.५. आपली जुनी कॉन्फिग गिटवरून (फायलींच्या आवृत्त्या जपणारी व्यवस्था) उतरवली आणि ईमॅक्स सुरू केला. थोड्या वेळात माझ्या टेबलाशी. "दादा, इनव्हॅलिड फंक्शन म्हणतोय. मी काहीही बदललेलं नाही." हे खरं होतं. एल्पा फोल्डर त्याने अर्थातच आधीच बऱ्याचदा उडवून झाला होता. चौथ्या टॅबमध्ये पूर्ण ईमॅक्स सोर्सपासून बिल्ड करायची कृती उघडलेली.

मी त्याला एवढंच म्हटलं, एम-एक्स (म्हणजे ऑल्ट आणि एक्स) दाब आणि ऑर्ग-व्हर्जन चालव. उत्तरात साफ लिहून आलं: मिक्स्ड इन्स्टॉलेशन, आणि पुढे दोन वेगवेगळे पाथ. एक यूएसआर-शेअरमधला, दुसरा त्याच्या होममधल्या एल्पातला.

झालं होतं असं. कॉन्फिगची ऑर्ग फाइल वाचायची म्हणून ईमॅक्सने सगळ्यात आधी स्वतःचं ९.५ लोड केलं. मग त्या कॉन्फिगने नोंदी ठेवण्याचं एक पॅकेज मागवलं. त्या पॅकेजला हवं होतं नवं ऑर्ग, तेव्हा डिपेंडन्सी म्हणून तेही आलं आणि त्याच सेशनमध्ये कंपाइल व्हायला बसलं. कंपाइल होताना नव्या फायली एकमेकींना रिक्वायर करतात, म्हणजे लोड करायला सांगतात, पण ईमॅक्सच्या लेखी ते फीचर आधीच हजर असतं, त्यामुळे तो नवी फाइल उघडतच नाही. पॅकेज व्यवस्था जुन्या फायलींच्या जागी नव्या लोड करायचा प्रयत्न करते, पण ऑर्गसारख्या ढीगभर फायलींच्या पॅकेजात तो पुरा पडेलच असं नाही. मग जो मॅक्रो (कंपाइल होतानाच उलगडून कोड बनणारा तुकडा) फक्त नव्या ऑर्गमध्ये आहे तो कंपाइलरला ओळखूच येत नाही. तो त्याला साधं फंक्शन समजून तसंच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी ईमॅक्स सुरू झाला की मॅक्रोला फंक्शनसारखी हाक जाते, आणि ‘इनव्हॅलिड फंक्शन’.

एल्पा उडवून काय होणार? पुन्हा तोच क्रम, पुन्हा तीच चुकीची कंपाइल फाइल.

उपाय पाच मिनिटांचा आहे. ऑर्ग सुरुवातीला लोड होऊ द्यायचं नाही. कमांड लाइनवर कॅपिटल क्यूचा पर्याय देऊन ईमॅक्स उघडला की तो तुमची कॉन्फिग वाचत नाही. तिथे पॅकेजची यादी उघडा, ऑर्गच्या ओळीवर आय दाबा, मग एक्स. कुठलीही ऑर्ग फाइल मधे उघडू नका. ऑर्गच्या मॅन्युअलमध्येही हेच बजावलेलं आहे, पण मॅन्युअल वाचणं आता फारसं कोणाला मानवत नाही. माझी स्वतःची कॉन्फिग साध्या लिस्प (ईमॅक्सची भाषा) फाइलमध्ये असते. ज्यांना ऑर्गमध्येच हवी असेल त्यांनी टँगल करून, म्हणजे त्यातला कोड वेगळा काढून, लिस्प फाइल तयार ठेवावी आणि ईमॅक्सला तीच द्यावी. दर वेळी सुरू होताना अख्खं ऑर्ग ओढून आणण्यात कसली आलीय हौस?

स्वतःच्या फाइलला पायथन, ऑर्ग, शेल अशी नावं

कॉन्फिग मोठी झाली की माणूस ती तोडतो, आणि पायथनच्या सेटिंग्जच्या फाइलचं नाव ठेवतो पायथन. मग ते फोल्डर लोड-पाथमध्ये, म्हणजे ईमॅक्स फायली शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, घालतो. अ‍ॅड-टू-लिस्ट नवीन फोल्डर यादीच्या सुरुवातीला लावतं. पुढे पायथनची कुठलीही फाइल उघडली की ईमॅक्स पायथन मोड शोधायला निघतो, त्याला तुमची फाइल आधी सापडते, आणि तिच्यात पायथन मोड नसतो. एरर येते की ऑटोलोड केलेल्या (गरज पडताच लोड होणाऱ्या) फाइलने फंक्शन डिफाइन केलंच नाही. यावरून लोक पायथन पुन्हा इन्स्टॉल करतात. खरंच करतात, मी पाहिलंय. एकाने तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बांधलं, तेही दोनदा, आणि वर मलाच ऐकवलं की ईमॅक्समध्ये पायथन नीट चालत नाही.

एम-एक्स, लोकेट-लायब्ररी, पायथन. तळाच्या ओळीत, मिनीबफरमध्ये, पाथ येतो, त्यात तुमचं होम दिसलं की विषय संपला. लिस्ट-लोड-पाथ-शॅडोज ही कमांड अशा एकमेकांना झाकणाऱ्या सगळ्या फायलींची यादीच देते. मी माझ्या प्रत्येक फाइलला, फंक्शनला आणि व्हेरिएबलला आपलं एक छोटं प्रीफिक्स लावतो. ईमॅक्स लिस्पमध्ये नेमस्पेस (नावांचे वेगळे कप्पे) नाहीत, सगळं गाव एकाच अंगणात नांदतं, त्यामुळे प्रीफिक्स ही शिस्त नसून गरज आहे.

आणि तोडायची घाई कशाला? दोनशे ओळींच्या कॉन्फिगच्या वीस फायली करणाऱ्यांना मी हात जोडतो. गिटहबवर कोणाचं तरी देखणं फोल्डर दिसतं, लगेच आपलंही तसंच हवं. तीन अर्धविरामांच्या कॉमेंटने सुरू होणारे मथळे घाला, आउटलाइन मायनर मोड लावा, एकाच फाइलमध्ये हजार ओळीही आरामात फिरता येतात. तोडायचीच झाली तर एक फाइल दुसरीला आणि दुसरी पहिलीला रिक्वायर करणार नाही एवढं बघा. नाहीतर ‘रिकर्सिव्ह रिक्वायर’ येणारच. दोघींना लागणारी फंक्शन्स तिसऱ्या फाइलमध्ये काढा. फाइलच्या शेवटी प्रोव्हाइड (ही फाइल लोड झाली हे कळवणारी ओळ) लिहायला विसरू नका, आणि नाव बदललं तर तिथलंही बदला.

बाकीच्या, भराभर

होममध्ये डॉट-ईमॅक्स नावाची जुनी फाइल पडलेली असेल तर डॉट-ईमॅक्स-डी मधली इनिट फाइल वाचलीच जात नाही. "मी केलेले बदल लागूच होत नाहीत" म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासा.

डॉट-ईमॅक्स-डी हाच फोल्डर लोड-पाथमध्ये घालू नका. ईमॅक्स बजावतो, तरी लोक घालतात. आत लिस्प नावाचा फोल्डर करा आणि तो घाला.

सीएल पॅकेज (कॉमन लिस्पची फंक्शन्स देणारं) ईमॅक्स २७ पासून अधिकृतपणे कालबाह्य आहे. सीएल-लिब वापरा.

लेक्सिकल बाइंडिंगची (व्हेरिएबलचा आवाका ठरवणारी) ओळ प्रत्येक फाइलच्या पहिल्याच ओळीत हवी. ती नसेल तर ३० चा कंपाइलर कुरकुर करतो, आणि बरोबर करतो.

फाइल बदलली पण कंपाइल केलेली जुनीच राहिली, तर ईमॅक्स जुनीच लोड करतो आणि मेसेजेस बफरमध्ये तसं सांगतोही. लोड-प्रिफर-न्यूअर टी (म्हणजे चालू) करून टाका.

सगळं वर रिक्वायर करून ठेवलं की ईमॅक्स सुरू व्हायला वेळ लागतो, आणि मग लोक वेग वाढवायचं पॅकेज शोधत बसतात. विथ-इव्हल-आफ्टर-लोड आणि ऑटोलोड कशासाठी आहेत? यूज-पॅकेज (पॅकेजेसची सेटिंग्ज लिहायची सोय) २९ पासून ईमॅक्समध्येच आलंय, पण त्याचा डिफर नेमकं काय करतो हे न समजता तो सगळीकडे शिंपडू नका.

स्वतःचं पॅकेज लिहीत असाल तर पॅकेज-रिक्वायर्सच्या (लागणाऱ्या पॅकेजेसच्या) ओळीत मेल्पा या भांडाराचा तारखेचा व्हर्जन टाकू नका. मेल्पा प्रत्येक बिल्डला तारखेवरून नंबर देतं, तो २०२४०११५ असा काहीतरी येतो. मेल्पा स्टेबल गिटच्या टॅगवरून चालतं, तिथे तोच नंबर २.१ असतो. तुमची अट कधीच पूर्ण होत नाही आणि स्टेबल वापरणाऱ्याला पॅकेज इन्स्टॉलच करता येत नाही. पॅकेज-लिंट हे तपासणी करणारं पॅकेज चालवलंत तर ही आणि अशा अनेक चुका तोच दाखवतो.

राहिला अपग्रेडचा हव्यास. सकाळी चहाआधी सगळी पॅकेजेस अपग्रेड करणारे लोक आहेत, आणि त्यांचाच ईमॅक्स नेमका डेमोच्या दिवशी बसतो. मेल्पा फक्त ताजा बिल्ड ठेवतं, मागचा हवा म्हटला तर तिथे मिळत नाही. म्हणून मी एल्पा फोल्डर गिटमध्येच ठेवतो, फक्त कंपाइल केलेल्या फायली वगळून. अपग्रेडच्या आधी एक कमिट, नंतर दिवसभर वापरून बघायचं, ठीक वाटलं तर दुसरं कमिट. बिघडलं तर मागच्या कमिटवर जायचं आणि पॅकेज-रीकंपाइल-ऑल चालवायचं. ही कमांड २९ पासून आहे. रेपो फुगतो अशी तक्रार करणारे भेटतात. फुगू दे, डिस्क स्वस्त आहे. हे नको असेल तर स्ट्रेट हे पॅकेजेस बसवणारं दुसरं साधन वापरा, त्याची लॉकफाइल प्रत्येक पॅकेजचं कमिट लिहून ठेवते. फक्त स्ट्रेट आणि पॅकेज-डॉट-ईएल (ईमॅक्सची स्वतःची पॅकेज व्यवस्था) दोन्ही एकत्र चालू ठेवू नका. अर्ली-इनिट फाइलमध्ये (इनिटच्याही आधी वाचली जाते ती) पॅकेज-एनेबल-अ‍ॅट-स्टार्टअप निल (म्हणजे बंद) करा, आणि ते तिथेच करा. २७ पासून पॅकेजेस इनिट फाइलच्या आधीच सक्रिय होतात, त्यामुळे इनिटमध्ये लिहिलेलं निल उशिरा पोचतं.