दालचिनी ब्रेडमधली पोकळी अशी गेली

घरी दालचिनीचा गोड ब्रेड केला की स्लाइस कापताना आतली गुंडाळी सुटायची. वरच्या कवचाखाली मोठी पोकळी, आणि मुलांच्या ताटात नुसते तुकडे.

कारण होतं लोणी. लाटलेल्या पोळीवर लोणी लावून साखर भुरभुरली की थर एकमेकांना चिकटत नाहीत; भाजताना वाफ धरते आणि ते वेगळे होतात. आता लोण्याऐवजी दुधाचा हलका हात फिरवते. ६० ग्रॅम पिठीसाखर, दीड चमचा दालचिनी आणि चमचाभर मैदा एकत्र करून पसरते. मैदा साखरेचा पाक शोषून घेतो. गुंडाळी घट्ट, शिवण खाली.

लोणी हवंच, पण ते पिठात: ३०० ग्रॅम मैद्याला ३० ग्रॅम. दालचिनी मात्र पिठात मळू नये, तिच्यातल्या तेलाने यीस्ट मंदावतं आणि ब्रेड नीट फुगत नाही.

१८० अंशांवर साधारण ३५ मिनिटं. वरून लवकर लाल झालाच तर फॉइल झाकावी. पूर्ण गार झाल्यावरच कापायचा. घरभर वास सुटलेला असताना हेच सगळ्यात अवघड, पण गरम कापला तर पाक ओघळतो.