मांजर असलेल्या घरात तिकिटसंग्रह कसा सांभाळावा

मुंबईत पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह करणाऱ्याला दमट हवेशी आयुष्यभर झुंजावे लागते आणि घरात मांजर असले, तर त्याच्याशीही जुळवून घ्यावे लागते. हवेवर उपाय शोधण्यात संग्राहक कसूर करीत नाही. मांजराचा विचार मात्र बहुधा अल्बमच्या उघड्या पानावर पंजा उमटल्यानंतरच होतो. वस्तुतः या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करायला हवा, कारण कागद वाचवण्यासाठी आपण कपाटात जे ठेवतो, त्यातले बरेचसे मांजराच्या जिवावर बेतू शकते.

सर्वप्रथम डांबरगोळ्या घराबाहेर काढाव्यात. कसर लागू नये म्हणून त्या सर्रास वापरल्या जातात, परंतु त्यांतील नॅफ्थलिन मांजराच्या पोटात गेल्यास तांबड्या रक्तपेशींना आणि यकृताला इजा होते. त्यांच्याऐवजी कापूर ठेवण्याची सूचना कोणीतरी हमखास करतो, पण तोही मांजराला विषारीच आहे. कपाटाजवळची लादी फिनेलने पुसू नये. त्यातील फिनॉल वर्गाची द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत आणि ओल्या लादीवरून चाललेले मांजर पुढच्याच क्षणी पंजे चाटायला बसते.

दमटपणासाठी सिलिका जेल वापरावे, मात्र निळे नव्हे, कारण त्या रंगासाठी बहुधा कोबाल्टचा क्षार वापरलेला असतो. पांढऱ्या जेलच्या पुड्या झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डब्यात ठेवाव्यात. अल्बम उभे ठेवावेत. एकावर एक रचल्यास खालच्या पानांवर भार येतो आणि पावसाळ्यात मागचा डिंक ओल धरून तिकिटे पानाला चिकटतात. कपाट न्हाणीघराच्या किंवा पाझरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. सर्वांत खालचा कप्पा संग्रहासाठी वापरूच नये, विशेषतः नसबंदी न झालेला बोका घरात असेल तर, कारण तो तेथे लघवीचे फवारे मारतो. आणि कपाटाला कुलूप लावण्यापूर्वी आत मांजर झोपलेले नाही ना, हे अवश्य पाहावे.

खरी कसोटी लागते ती तिकिटे पाकिटावरून सोडवताना. जुन्या पाकिटावरचा शिक्का सुबक आणि पूर्ण असेल, तर तिकीट सोडवूच नये, पाकीट तसेच जपावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्या तिकिटांभोवतीचा कागद थोडी कड राखून कापावा आणि तुकडे कोमट पाण्याच्या पसरट ताटलीत ठेवावेत. रंगीत पाकिटांचे तुकडे वेगळ्या ताटलीत घ्यावेत, कारण त्यांचा रंग सुटतो. डिंक विरघळला की तिकीट आपोआप कागदावरून सरकते; ओढाताण करू नये. मग ते चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलून, चित्र खाली करून, टीपकागदावर ठेवावे. नेमका याच वेळी मांजर येते, ताटलीतले पाणी हुंगते आणि वाळत घातलेल्या कागदाच्या मधोमध बैठक मारते. ओल्या डिंकात रुतलेला केस नंतर काढताना तिकिटाचा पापुद्रा निघतो. म्हणून हे काम मांजराला आधी भरपूर खेळवून आणि खाऊ घालून, ते झोपी गेल्यावरच हाती घ्यावे. टेबलाच्या एका कोपऱ्यात त्याच्यासाठी पुठ्ठ्याचे रिकामे खोके ठेवावे. हाकलून लावण्यापेक्षा हा उपाय पुष्कळ अधिक चालतो. दाराला कडी घालता येईल अशी खोली असेल, तर उत्तमच. तिकिटे जवळजवळ सुकल्यावर जाड पुस्तकात दाबून ठेवावीत. भर पावसाळ्यात हा उद्योग शक्यतो टाळावा.

काम संपल्यावर टेबलावर रबरबँड किंवा दोऱ्याचा तुकडा राहू देऊ नये. मांजराने दोरा गिळला, तर आतडी गोळा होऊन चिरली जाऊ शकतात. दोऱ्याचे टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसले, तरी ते ओढू नये. तडक पशुवैद्याकडे जावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय मुंबईकरांच्या परिचयाचे आहेच, तरी घराजवळच्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा.

दोन्ही छंद एकत्र आणायचे असतील, तर मांजरांच्याच तिकिटांचा स्वतंत्र अल्बम करता येतो. स्पेनने 1930 मध्ये काढलेल्या हवाई टपालाच्या तिकिटावर अमेरिकी वैमानिक लिंडबर्गच्या विमानाकडे पाहणारे काळे मांजर कोपऱ्यात आहे, तर पोलंडने 1964 मध्ये मांजरांची दहा तिकिटांची मालिका काढली. पोलंडची मालिका नवशिक्याला अधिक सोयीची, कारण तिच्यात मांजर भिंग लावून शोधावे लागत नाही. नव्या भारतीय तिकिटांसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या जीपीओतील (मुख्य टपाल कार्यालयातील) फिलाटेलिक ब्युरोमध्ये, म्हणजे तिकिटसंग्राहकांसाठीच्या कक्षात, ठेव खाते उघडावे; त्यात आगाऊ पैसे भरून नवी तिकिटे मिळवता येतात. घरी आणलेली कोरी तिकिटे त्याच दिवशी अल्बममध्ये लावावीत. टेबलावर उघडी सोडू नयेत.