रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि सायकलही चालवायचीय? मग या चुका टाळा

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली की घरातून पहिलं वाक्य येतं ते म्हणजे "आता सायकल बंद". डॉक्टरांना कुणी विचारलेलंही नसतं, पण सायकल कोपऱ्यात जाते, जिम सुटतं आणि माणूस सोफ्यावर बसतो. दुसऱ्या टोकाला असेही लोक आहेत जे काही झालंच नाही अशा थाटात पुढच्याच रविवारी ग्रुपबरोबर शंभर किलोमीटरला निघतात. दोन्ही चूक आहे, आणि दोन्हीकडे गडबड एकच असते, या गोळीने नेमकं काय बदलतं ते कुणी नीट समजावलेलं नसतं.

बदलतं एवढंच की रक्त गोठायला वेळ लागतो. नाडी वाढली, घाम आला, धाप लागली म्हणून रक्तस्राव सुरू होत नाही. तो बहुतेकदा होतो आपटल्याने, कापल्याने, नाहीतर औषधांमध्ये स्वतःच्या मनाने ढवळाढवळ केल्याने. हे एकदा डोक्यात बसलं की काय चालू ठेवायचं आणि कशाला जपायचं हे बरंचसं आपलं आपल्याला कळायला लागतं. खालच्या बहुतेक चुका याच दोन गोष्टींच्या आहेत, पडणं आणि गोळ्या.

राईडच्या दिवशी गोळी "ॲडजस्ट" करणं

ही मला सगळ्यात घातक चूक वाटते म्हणून आधी घेतो. "आज उतार जास्त आहेत, पडलोबिडलो तर नको, सकाळची गोळी घरी आल्यावर घेतो", हे इतक्या सहज बोललं जातं की ऐकताना पोटात गोळा येतो. अहो, ती गोळी सुरू झाली कशासाठी? एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात तेव्हा, हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ नये म्हणून, पायात किंवा फुप्फुसात झालेली गुठळी वाढू नये म्हणून, कृत्रिम झडप किंवा स्टेंट बंद पडू नये म्हणून. ही कारणं रविवारी सुट्टी घेत नाहीत.

आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत कसली, वाईट भाग असा की गोळी टाळून हवा तो फायदा बऱ्याचदा मिळतही नाही. वॉरफरिन किंवा असेनोकुमेरॉल असेल तर एक डोस चुकवल्याने त्या सकाळी तुमचं रक्त काही लगेच नेहमीसारखं गोठायला लागत नाही, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा, मात्र पुढे खाली-वर होऊन बसतो. ॲस्पिरिनचा परिणाम तर त्या प्लेटलेट्स संपून नव्या येईपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस टिकतो, त्यामुळे एका दिवसाने काहीच साधत नाही. अपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रॅनचं उलटं, त्यांचा असर लवकर उतरतो म्हणूनच ती दिवसातून दोनदा असतात, एक डोस गाळला की खरोखरच काही तास तुम्ही उघडे पडता. स्टेंटनंतर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर चालू असेल तर मनाने बंद करण्याचा विचारसुद्धा नको. वेळ बदलायचीच असेल तर ती डॉक्टरांना विचारून, आणि एकदा चुकली म्हणून नंतर दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत.

इथेच दोन छोट्या गोष्टी, ज्या सायकलवाल्यांच्याच जास्त चुकतात. रिव्हारोक्साबॅनची १५ आणि २० मिलीग्रॅमची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. पहाटे अंधारात उठून घोटभर कॉफी आणि गोळी घेऊन निघणाऱ्यांनी तिची वेळ रात्रीच्या जेवणाबरोबर बसेल का ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल तिच्या मूळ पाकिटातून आधी काढून ठेवायची नाही, तिला ओल चालत नाही. दोन दिवसांच्या टूरला सुटी कॅप्सूल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या घामट खिशात ठेवणं म्हणजे औषध वाया घालवणं. ती फोडून पाण्यात टाकूनही घ्यायची नसते, अख्खीच गिळायची.

गुडघा दुखला की हाताला येईल ती पेनकिलर

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ही मंडळी रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर घेतली की पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका सरळ वाढतो. पंचाईत अशी की अंगदुखीच्या, सर्दीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांमध्ये ती लपलेली असतात आणि ग्रुपमधला कुणीतरी प्रेमाने "ही घे, लगेच उतरेल" म्हणून देतो. घेऊ नका, आधी पाकिटामागे वाचा. सहसा पॅरासिटामॉल चालते, पण वॉरफरिनवर असाल आणि ती रोज भरपूर घेत असाल तर आयएनआर वाढू शकतो, तेव्हा तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. स्टेंटवाल्यांची ॲस्पिरिन ही डॉक्टरांनीच दिलेली असते, ती वेगळी गोष्ट, दुखतंय म्हणून वरून आणखी एक घ्यायची नाही.

सप्लिमेंटचंही तसंच. फिश ऑइल, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, लसणाच्या अर्काच्या, गिंको, सगळं "नॅचरल" आहे म्हणून कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. सांगा. वॉरफरिनवाल्यांनी वजन उतरवायच्या नादात एकदम रोज ग्लासभर हिरवा ज्यूस सुरू करू नये, पालेभाज्यांमधल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर खाली येतो. पालेभाजी सोडायची नाही, प्रमाण साधारण सारखं ठेवायचं, एवढंच. आणि आयएनआर तुमच्या ठरलेल्या पट्ट्याच्या, जो बहुतेकांचा २ ते ३ असतो, बराच वर गेला असेल तर तो खाली येईपर्यंत रस्त्यावर न जाता घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पॅडल मारा.

शौचाला काळं, चिकट होतंय किंवा लघवी लाल-तपकिरी दिसतेय तर "काल जास्त जोर लावला म्हणून असेल" असं म्हणून सोडून देऊ नका. फार मेहनतीनंतर लघवीचा रंग बदलू शकतो हे खरं, पण तुमच्या बाबतीत ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

सायकल तशीच, सवयी त्याच

गोळी बदलता येत नाही, पडायची शक्यता कमी करता येते, आणि नेमकं याच कामाकडे दुर्लक्ष होतं. हेल्मेट घातलं की झालं असं वाटतं. हेल्मेट हवंच, जोरात आपटलेलं असेल तर वरून धड दिसलं तरी बदलायलाही हवं, पण ते कवटी वाचवतं, आत मेंदू हिसडला जातो तो पूर्ण थांबवू शकत नाही.

आधी हँडलबारची टोकं बघा. दोन्ही बाजूंना ते छोटे प्लास्टिकचे बूच असतात ना, ते कुठेतरी पडतात आणि कुणी परत बसवत नाही. मग तिथे उरते उघडी धातूची नळी, गोल धारदार कडा. साधं आडवं पडताना ती मांडीत किंवा पोटात घुसली तर आत खोलवर जखम होते, आणि तुमचं रक्त गोठायला वेळ घेतंय. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा.

मग पॅडल. क्लिपलेस पॅडलवरून, म्हणजे ज्यात बूट अडकून बसतो त्या पॅडलवरून, माणूस वेगात पडतो असं लोकांना वाटतं, बहुतेकदा तो पडतो उभ्या उभ्या. सिग्नल येतो, सायकल थांबते, उजवा पाय सुटतो पण वजन डावीकडे गेलेलं असतं, डावा बूट अडकलेला, आणि सगळ्यांसमोर सावकाश अख्खा माणूस कमरेवर आणि कोपरावर. एरवी हसून उठण्यासारखं, पण या गोळ्यांवर त्याच पडण्याने कमरेला हातभर काळंनिळं होतं. गोळी नव्याने सुरू झाली असेल तर काही महिने साधे फ्लॅट पॅडल लावा असं मी आग्रहाने म्हणेन, क्लिपलेस पॅडल सोडवतच नसतील तर निदान स्प्रिंग सैल करा आणि थांबायच्या आधीच पाय सोडवायची सवय लावा.

हातमोजे बारा महिने घाला, पडताना पहिले तळवेच टेकतात. ग्रुपमध्ये पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक घासेल इतकं जवळ जाऊ नका, ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवरून वळू नका. चेन साफ करताना हात घसरून चेनरिंगच्या दातांवर बोट कापतं, तिथेही मोजे.

डोक्याला लागलं, पण "मी ठीक आहे"

हे वाचताना बाकी काही विसरलात तरी चालेल. डोकं आपटलं तर तुम्ही ठीक असलात तरी हॉस्पिटलमध्ये जायचं. त्याच दिवशी, लगेच. शुद्ध गेली नाही, रक्त आलं नाही, टेंगूळसुद्धा नाही, तरीही जायचं आणि गेल्या गेल्या पहिलं वाक्य "मी रक्त पातळ करायच्या गोळीवर आहे" हेच बोलायचं, म्हणजे सीटी स्कॅन करायचा की नाही हे ते लोक ठरवतील. मेंदूभोवतीचा रक्तस्राव हळूहळू साठू शकतो, काही तासांनी, काही दिवसांनी, वयस्कर माणसात तर आठवड्यांनी लक्षणं दिसतात. स्कॅन नॉर्मल आला तरी पहिली रात्र एकटं राहू नका. डोकेदुखी वाढत जाणं, उलटी, गुंगी, बोलताना अडखळणं, एका बाजूचा हात-पाय जड वाटणं, विसरल्यासारखं वागणं, यातलं काहीही दिसलं की परत हॉस्पिटल. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण ज्याला होतंय त्याला ते कळत नाही, तो झोपू द्या म्हणतो.

जखम दाबता दाबता डोकावणं

खरचटलं, कापलं, रक्त येतंय. स्वच्छ गॉज किंवा रुमाल ठेवून घट्ट दाबायचं आणि घड्याळ लावून सलग दहा मिनिटं हात काढायचा नाही. प्रत्येक जण अर्ध्या मिनिटाने कापड उचलून बघतो थांबलं का, आणि नुकतं धरू लागलेलं तेवढ्यात निघून येतं, मग पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. दहा मिनिटांनी थांबलं नाही तर परत दाबून धरून दवाखाना गाठा, रक्त भळाभळा येत असेल तर दहा मिनिटांचीही वाट न बघता. सॅडलबॅगेत ट्यूब आणि पंपाबरोबर एक जाड गॉज आणि ताणाची पट्टी असलीच पाहिजे.

उघड्या जखमेपेक्षा मुका मार जास्त फसवतो, कारण दिसत काहीच नाही. मांडी किंवा पोटरी तासागणिक फुगत चालली, ताठ लागते, मारापेक्षा दुखणं भलतंच जास्त आहे, पाऊल बधिर होतंय, तर आत रक्त साठून स्नायूवर दाब येत असतो आणि ती इमर्जन्सी असते. पोटाला हँडलबार लागून नंतर पोट किंवा पाठ दुखत राहिली, चक्कर आली, तरी तेच. जांघेत दुखून पाय सरळ करता येत नसेल तरीही दाखवा. आणि अशा काळ्यानिळ्या जागेवर मसाज गन किंवा फोम रोलर चालवू नका, दाबून मोकळं होत नाही, आणखी रक्त साठतं. बर्फ कापडात गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा.

गोळीचं नाव फक्त तुमच्याच डोक्यात

तुम्ही बेशुद्ध असाल तर कोण सांगणार? फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसेल अशी मेडिकल माहिती भरा, खिशात कार्ड ठेवा, किंवा मनगटाला पट्टी बांधा. त्यावर औषधाचं नाव, डोस, कोणत्या वेळी घेता आणि घरचा नंबर. नुसतं "ब्लड थिनर" लिहून भागत नाही, कारण वॉरफरिनवरचा उतारा वेगळा, डॅबिगॅट्रॅनवरचा वेगळा, आणि अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन अशा नव्या गोळ्यांचा असर नेहमीच्या आयएनआर टेस्टमध्ये भरवशाने दिसत नाही, आकडा नॉर्मल येऊनही गोळी पूर्ण काम करत असते. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे डॉक्टरांना कळलं तर त्यांचा बराच वेळ वाचतो.

जिममध्ये आणि घड्याळात

वजनं उचला, स्नायू चांगले असतील तर तोलही चांगला राहतो. फक्त श्वास रोखून कमाल वजन मारायचा हट्ट सोडा, आणि बॉक्सिंग, कुस्ती, फुटबॉल असे अंगावर येणारे खेळ टाळा. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी कमी ठेवणारी गोळी, चालू असेल तर कमाल नाडीचं २२० वजा वय हे गणित तुम्हाला लागू पडत नाही, नाडी तेवढी चढणारच नाही आणि तुम्ही उगाच जीव काढाल. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मनगटावरच्या घड्याळाचा आकडाही भरवशाचा नसतो. त्यापेक्षा चालवताना एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा.

गोळी चालू आहे म्हणजे गुठळी होणारच नाही असंही धरून चालू नका. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर दरवेळी तो क्रॅम्प नसतो. अचानक दम लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, इथे सायकल जिथे आहे तिथे सोडून अँब्युलन्स बोलवा. पाणी कमी पिऊन तासन्‌तास उन्हात चालवणंही नको, डॅबिगॅट्रॅन बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं, किडनीवर ताण आला की ते शरीरात साठतं.

गुठळी, स्टेंट किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर तारीख डॉक्टरांकडूनच घ्या, आणि "व्यायाम चालेल का" असं मोघम विचारू नका, "चालणं कधीपासून, घरच्या ट्रेनरवर कधीपासून, रस्त्यावर कधीपासून, ग्रुप राईड कधी" असे चार वेगवेगळे प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या.