फोनला मराठी ऐकवायची कशी: इंदूरच्या मराठी घरांसाठी

इंदूरमध्ये फोनवर मराठीत बोलून लिहायला घेतलेलं अनेकांचं दोन दिवसांत सुटतं. 'याला आपली मराठी कळत नाही' हे त्याचं ठरलेलं कारण. पण पुष्कळदा माइक दाबताना कीबोर्ड हिंदीवर असतो. लिपी दोन्हींची देवनागरी, म्हणून ते पटकन लक्षात येत नाही.

जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस', मग 'अ‍ॅड कीबोर्ड' उघडून मराठी निवडा. स्पेसबारवर 'मराठी' दिसल्यावरच माइक दाबा. भाषा बदलायची तर स्पेसबार दाबून धरा. माइकचं चिन्हच नसेल तर सेटिंग्जमधलं 'व्हॉइस टायपिंग' सुरू करा. चिन्ह आहे पण ऐकत नाही, तर माइकची परवानगी दिलेली आहे का, ते पाहा.

भाषा आधी निवडण्याला इतकं महत्त्व का? यंत्र आवाज सेकंदाला साधारण १६,००० वेळा मोजतं, त्याचे सुमारे २५ मिलिसेकंदांचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीचा आवाज किती जोरात आहे ते पाहतं. त्यावरून अक्षरांचा अंदाज बांधतं. अंदाज अनेक निघतात. त्यांतला कोणता त्या भाषेच्या वाक्यात बसतो, त्यावर निवड होते. हिंदी निवडली असेल तर 'जायचंय' बसवायला जागाच नसते.

आपल्याकडची खरी अडचण 'ळ'ची. दिवसभर हिंदीत बोलणाऱ्याच्या तोंडी 'वेळ'चा 'वेल' सहज होतो. नुसतं 'वेल' म्हणालात तर यंत्र वेलच लिहील, आणि त्यात त्याची चूक नाही. 'दुपारची वेळ ठरवू या' असं सलग म्हणालात तर 'दुपारची' आणि 'ठरवू' हे शब्द 'वेळ'च्या बाजूने उभे राहतात. म्हणून एकेक शब्द तोडून बोलू नका. आजी-आजोबा फोनला कळावं म्हणून नेमकं तेच करतात आणि संदर्भ हरवतो. आवाज चढवायचीही गरज नाही.

'राजवाड्याजवळ आहे, पण इधर जाम लगा है' हे घरात चालतं, फोनला जड जातं. एक वाक्य एकाच भाषेत पुरं करा. 'सराफा', 'पलासिया' ही नावं मात्र खुशाल येऊ द्या.

फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत पोचणारी ध्वनिऊर्जा चौथाईवर येते. बोलण्याचा माइक बहुधा खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो; तिथे कव्हर किंवा बोट आलेलं नाही ना, पाहा. पंख्याची एकसुरी घरघर यंत्र बरीच वगळू शकतं. टीव्ही मात्र बंद करा, कारण तोही माणसाचाच आवाज. कोणता तुमचा, हे त्याला सहज कळत नाही.

विरामचिन्हं हाताने द्या. ओटीपी आणि बँकेचे आकडे बोलून लिहू नका. आवाज पुष्कळदा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो, शिवाय शेजारी बसलेलेही ऐकतात.

पाठवण्याआधी तीन गोष्टी वाचा: आडनाव, वेळ आणि 'नाही'. 'साडेपाचला येणार नाही' म्हणताना शेवटचा शब्द पुटपुटला गेला किंवा माइक लवकर बंद झाला, की 'साडेपाचला येणार' एवढंच जातं आणि समोरचा पोहे भिजवून बसतो.