तडा गेलेल्या दाढेचं रूट कॅनाल : या चुका टाळा

तडकलेली दाढ माणसाला चकवते. पोळीभाजी बिनघोर चावली जाते, आणि एखादा फुटाणा दाढेच्या नेमक्या कंगोऱ्याखाली (वरच्या उंच टोकाखाली) आला की कळ मस्तकात जाते. तीही बहुधा चावताना नाही, दाब सोडताना. खर्ऱ्यातली सुपारी दिवसभर दाढेखाली ठेवायची आणि रात्री सावजी मटणाची नळी फोडायची, या नागपुरी सवयींत दाढांना विसावा नसतो. खालची दुसरी दाढ त्यात सगळ्यात जास्त सापडते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. रूट कॅनालने भेग सांधत नाही. सुजलेली किंवा मेलेली नस काढून मुळांतल्या नळ्या साफ होतात, भरल्या जातात. भेग तिथेच राहते. दात किती टिकणार, हे ती भेग कुठवर गेली आहे आणि तुम्ही ती आणखी उघडू देता का, यावर ठरतं.

एक्स-रे स्वच्छ, म्हणजे दात चांगला

बहुतेक भेगा दाताच्या पुढून मागे जातात, म्हणजे एक्स-रेच्या फिल्मला समांतर. त्यामुळे त्या दिसतच नाहीत. सीबीसीटीतही (दातांच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) बारीक भेग सहसा थेट दिसत नाही. दिसलीच तर तिच्याशेजारची झिजलेल्या हाडाची जागा दिसते. उलट आधी रूट कॅनाल झालेल्या दातात भरलेल्या मसाल्यामुळे खोट्या रेघा उमटतात आणि त्यांनाच भेग समजलं जाऊ शकतं.

खरी तपासणी साधी आहे, पण वेळ खाते. प्रत्येक कंगोरा वेगळा चाववून पाहायचा. दातात आधी भरलेली जुनी सिमेंट-चांदी काढून आत बघायचं. बाजूने प्रकाश टाकला की तो भेगेपाशी अडतो, मेथिलिन ब्लू या रंगाने रेघ निळी उमटते. मग प्रोब (मिलिमीटरच्या खुणांची बारीक सळई) हिरडी आणि दाताच्या फटीत जवळजवळ टेकवत दाताभोवती फिरवायचा. सगळीकडे २-३ मिमी आणि एकाच अरुंद जागी ७-८ मिमी आत गेला, तर भेग मुळाकडे उतरल्याची दाट शंका घ्यावी.

भेग दिसली की लगेच नस काढणं

पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात फ्रीजचं पाणी प्यायल्यावर आलेली कळ दोन-चार सेकंदांत जात असेल, तर नस बहुधा वाचण्याजोगी असते. अशा दाढेला आधी कॅप किंवा तात्पुरता स्टीलचा पट्टा बसवून वाट पाहता येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १२७ रुग्णांच्या अभ्यासात अशा दातांना कॅप लावल्यावर ६ महिन्यांत सुमारे २० टक्क्यांनाच रूट कॅनाल लागलं. ठणका मिनिटं-मिनिटं टिकत असेल, रात्री झोपमोड करत असेल, तर मात्र थांबू नका. अँटिबायोटिकने भेग भरत नाही, आणि लवंगतेल ओतून हिरडी भाजते ती वेगळीच.

किती टिकेल, हे न विचारता सुरुवात

सिंगापूरमधल्या ५० दातांच्या अभ्यासात (२००६) रूट कॅनालनंतर २ वर्षांनी ८५.५ टक्के दात तोंडात होते. कोरियातल्या २०१६ च्या अभ्यासात एकूण ९० टक्के; पण ज्यांच्याभोवती खिसा (हिरडी आणि दातामधली फट) ६ मिमीपेक्षा खोल होता त्यांत सुमारे ७४, बाकीच्यांत सुमारे ९७. म्हणून पैसे भरण्याआधी खिशाचा आकडा विचारा. नस काढल्यावर भेग दाताच्या आतल्या पोकळीचा तळ आडवा ओलांडताना दिसली किंवा दाताचे दोन तुकडे वेगवेगळे हलले, तर तिथेच थांबून दात काढणं शहाणपणाचं. हा निर्णय मधेच होऊ शकतो, हे आधी बोलून घ्या.

कॅप नंतर बघू

बरेच दात इथेच जातात. ठणका गेला की माणूस निर्धास्त होतो, कॅपचा खर्च पुढच्या महिन्यावर जातो आणि एक दिवस दाढ मधोमध दुभंगते. मग रूट कॅनालचेही पैसे गेले. पहिल्याच बैठकीत दाताची उंची चावण्यातून थोडी कमी करून घ्या. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत रुग्णालयात फेऱ्या जास्त लागणार असतील, तर मधल्या काळासाठी पट्टा मागा. नळ्या भरल्यावर मसाला नळीच्या तोंडापासून २-३ मिमी खाली कापून वरून चिकटणारं कंपोझिट भरावं. तडकलेल्या दाढेत शक्यतो खिळा (मुळात बसवायची पोस्ट) ठोकू नये, मुळावर ताण येतो. सगळे कंगोरे झाकणारी कॅप आठवड्या-दोन आठवड्यांत बसावी, आणि तोवर त्या बाजूने खाणं बंद.

रूट कॅनाल झालं, तरी चावताना दुखतं

पहिल्या काही दिवसांचं हलकं दुखणं चालतं. कॅप बसताच सुरू झालं तर आधी उंच लागते का ते रंगीत कागदाने बघा. घासून दहा मिनिटांत सुटतं. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी सुटलेली असू शकते. महिन्यांनी हिरडीच्या कडेजवळ पुटकुळी आली आणि प्रोब पुन्हा एकाच जागी खोल गेला, तर मूळ फाटल्याची शंका घ्या. तिथे दुसरं रूट कॅनाल करून हाती काही लागत नाही.

दात खाण्याची सवय असेल तर रात्री नाइटगार्ड (दातांवर बसणारं संरक्षक कवच) लावा. ६ महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रेसोबत प्रोबने मोजणीही करून घ्या. नुसत्या फोटोवर 'ठीक आहे' ऐकून उठू नका.